चाकाचं गणगोत

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



भोसरीहून पुणे-नाशिक रस्त्यानं चाकणकडे निघालात, तर दुतर्फा दुकानांच्या पाट्या वाचत चला. 'व्हील अलाइनमेंट', 'व्हील बॅलन्सिंग', 'अलॉय व्हील्स', 'टू-व्हीलर सर्व्हिसिंग'. जिकडे पाहावं तिकडे व्हील. पण त्याच दुकानापुढे गाडी उभी करा आणि पंक्चर काढणाऱ्या पोराचं बोलणं ऐका. तो म्हणेल, "साहेब, मागचं चाक बसलंय, खोलावं लागेल." म्हणजे पाटीवर व्हील आणि तोंडात चाक. पाटीवरचा शब्द साहेबाचा आणि तोंडातला आपला, असं आपण धरून चालतो. आज मला सांगायचंय ते असं, की हे दोन शब्द परके नाहीत. ते सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्कीच आहेत, आणि त्यांचं गणगोत फार मोठं आहे.

आता तुम्ही म्हणाल, 'चाक' आणि 'व्हील' यांच्यात एक अक्षर तरी सारखं आहे का? कानाला नाही. पण भाषाशास्त्रज्ञ कानावर विसंबत नाहीत, ते नियम शोधतात. आपला 'काय' घ्या आणि इंग्रजीतला 'व्हॉट' घ्या. आपला 'कोण' घ्या आणि त्यांचा 'हू' घ्या. 'हू'चं स्पेलिंग आठवा, त्यातही डब्ल्यू आणि एच आहेतच. आपल्याकडे जिथे 'क' येतो, तिथे इंग्रजीत डब्ल्यू-एच. दुसरं उदाहरण 'चार'चं. लॅटिनमध्ये चारला 'क्वात्तुओर' म्हणत. आपण ज्याला 'क्वार्टर' म्हणतो तो त्याच घराण्यातला. म्हणजे तिकडच्या 'क्व'चा आपल्याकडे काही ठिकाणी 'च' होतो.

हे दोन नियम एकत्र ठेवले की कोडं सुटतं. संस्कृतातलं 'चक्र', ग्रीकमधलं 'कुक्लोस' आणि जुन्या इंग्रजीतलं 'ह्वेओल' हे तिन्ही एकाच जुन्या शब्दाचे वंशज. अभ्यासक तो मूळ शब्द साधारण 'क्वेक्वलो' असा मांडतात. त्याच्या मुळाशी 'क्वेल' हा धातू आहे, आणि त्याचा अर्थ वळणे, फिरणे. त्याचंच पहिलं अक्षर दुहेरी करून चाकाचं नाव तयार झालं. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. भोवरा 'गरगर' फिरतो, पाकोळी 'भिरभिर' उडते. एकच ध्वनी दोनदा म्हटला की गती डोळ्यांपुढे येते. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी पहिलं चाक फिरताना पाहून नेमकं हेच केलं असणार.

पुढे प्रत्येक भाषेनं आपापल्या सवयीप्रमाणे शब्द घासला. इंग्रजीनं मधला भाग गिळला आणि 'व्हील' उरलं. आपल्याकडे 'हस्त'चा 'हत्थ' आणि 'हत्थ'चा 'हात' झाला, 'सप्त'चा 'सत्त' आणि मग 'सात' झाला. त्याच रीतीनं 'चक्र'चं 'चक्क' झालं आणि 'चक्क'चं 'चाक'. ग्रीक 'कुक्लोस' मात्र लॅटिनमधून फिरत फिरत इंग्रजीत 'सायकल' होऊन आला आणि तिथून पुण्यात. एके काळी पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. तेव्हा 'सायकलचं चाक' असं कुणी म्हणालं, की खरं तर तो 'चाकाचं चाक' असं म्हणत असे.

या घराण्यानं आपल्या मराठीत किती संसार मांडलाय ते बघा. दिवाळीच्या फराळातली चकली त्यातली आणि अंगणातलं भुईचक्रही त्यातलंच. पिठाची चक्की आणि डोक्याला येणारी चक्करही त्यातलीच. कर्ज काढलं की चक्रवाढ व्याज, हिशेब पाहिला की माणूस चक्रावतो. ज्याच्या रथाचं चाक कुणी अडवू शकत नाही तो चक्रवर्ती. 'चाकोरी' म्हणजे गाड्यांच्या चाकांनी मातीत पाडलेली वाट. पावसाळ्यानंतर ती वाळून घट्ट होते, मग बैलाला हाकावं लागत नाही, गाडी आपोआप तिच्यातून जाते. 'चाकोरीबाहेर' जाणं अवघड का, हे ज्यानं अशा वाटेवरून गाडी बाहेर काढलीय त्याला विचारा.

इराणात गेलेल्या शाखेत 'चक्र'चं 'चर्ख' झालं. तिथून 'चरखा' आपल्याकडे आला. ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३१ साली काँग्रेसनं स्वीकारलेल्या झेंड्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र आलं. चित्र बदललं, पण शब्दाचं मूळ तेच राहिलं. तसंच वादळाचं. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात 'सायक्लोन' हा शब्द घडवला तो त्या ग्रीक शब्दावरून. आपण त्याला 'चक्रीवादळ' म्हटलं. म्हणजे नावाचं भाषांतर करताना आपण त्याच कुळातला आपला शब्द वापरला.

पण सावध राहायला हवं. 'चाक' ऐकू आलं म्हणून प्रत्येक शब्द नातेवाईक होत नाही. 'चाकर' आणि 'चाकू' हे फारसीतून आलेले पाहुणे आहेत. त्यांचा चाकाशी काही संबंध नाही. चाकांच्या कारखान्यात लोक चाकरी करतात हा योगायोग.

मग चाकण? चाकणला चक्रेश्वराचं देऊळ आहे. तिथे लोक कथा सांगतात, की दशरथाच्या रथाचं चाक इथे निखळलं आणि म्हणून गावाला हे नाव पडलं. कैकेयीनं रथाच्या आसाला आपल्या हाताचा आधार दिला आणि दोन वर मिळवले, ही गोष्ट आपण कीर्तनातून ऐकलेली असते. ही लोककथा आहे, तिला इतिहासाचा दाखला म्हणून कुणी पुढे करू नये. चाकणचा नोंदलेला इतिहास वेगळा आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवला, तो त्यातला तेजस्वी भाग. पण ज्या गावाच्या पुराणकथेत निखळलेलं चाक आहे, त्याच गावाच्या माळरानावर पुढे मोटारींचे कारखाने उभे राहिले, हे ऐकून गंमत वाटतेच.

इतिहासाचा पुरावाच हवा असेल तर आपल्या राज्यातच तो आहे. प्रवरेच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली काशाच्या चार वस्तू सापडल्या. त्यातली एक म्हणजे दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. तो रथ साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. आणि मुंबईकडे जाताना लोणावळ्याच्या अलीकडे भाजे लेणी आहेत. तिथल्या विहारात चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे, तो सूर्याचा असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कारखान्यांच्या या पट्ट्याला चाकाची ओळख मोटारींनी करून दिलेली नाही.

एकट्या चाकानं गाडी चालत नाही. तिचे बाकीचे भाग पाहिले तर नातं आणखी पक्कं होतं. चाक ज्याभोवती फिरतं त्याला कारखान्यात 'ॲक्सल' म्हणतात. संस्कृतात तो 'अक्ष', मराठीत 'आस'. पृथ्वीचा आस कललेला आहे, हे आपण शाळेत शिकलो, तोच हा. ॲक्सल आणि अक्ष एकाच मुळाचे. बैलांच्या मानेवरचं 'जू' हे संस्कृत 'युग' आणि इंग्रजी 'योक'. चाकाच्या मध्याला संस्कृतात 'नाभि' म्हणतात, इंग्रजीत त्याला 'नेव्ह' असा जुना शब्द आहे. आणि चाकणमध्ये ३१ मार्च २००९ रोजी ज्या जर्मन कंपनीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, त्या फोक्सवॅगनच्या नावातला 'वॅगन' म्हणजे आपल्या 'वाहन'चा भाऊ. 'लोकवाहन' असं साधं भाषांतर केलं तर अर्धं नाव मुळातच आपल्या नात्यातलं निघतं.

चाक, आस, जू, नाभी, वाहन हे सगळे शब्द इतक्या दूरदूरच्या भाषांमध्ये सारखे का, याचा भाषाशास्त्रज्ञ असा तर्क करतात, की ज्या लोकांची ही मूळ भाषा होती, त्यांच्याकडे गाडी होती. आणि उत्खननातले चाकांचे सर्वांत जुने पुरावे इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० वर्षांच्या आसपासचे आहेत. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत सापडलेलं लाकडी चाक पाच हजार वर्षांहून जुनं आहे. तेव्हा ही मूळ भाषा फुटून वेगवेगळी झाली ती त्यापूर्वी फार आधी नसावी. चाकाच्या शब्दावरून भाषेचं वय काढायचं, हे बैलाच्या दातांवरून त्याचं वय ओळखण्यासारखंच आहे.

आता थोडं इकडे, पिंपरी-चिंचवडकडे येऊ. या पट्ट्यानं मराठीला काही शब्द दिले. त्यातला पहिला 'टेम्पो'. 'टेम्पो' हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या वाहनांचं नाव. मूळ अर्थ गती. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली, पुढे आकुर्डीत तिचा कारखाना आला आणि तिची तीनचाकी सगळीकडे धावू लागली. २००५ साली कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी आपण आजही घर बदलताना 'टेम्पो सांगून ठेवतो', मग तो कुठल्याही कंपनीचा असो. दुसरा शब्द 'स्टेपनी'. जादा चाकाला आपण हे नाव देतो, पण वेल्समधल्या लनेथली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक बनवलं आणि रस्त्याचं नाव त्याला दिलं. ते आपल्याकडे येऊन असं रुळलं, की आता कुणाला त्याचा पत्ता विचारावासा वाटत नाही.

'रथ' या शब्दाचं नातं लॅटिन 'रोटा'शी आहे, आणि 'रोटा' म्हणजे चाक. त्यावरून 'रोटर' आला, 'रोटरी' आली आणि गुंडाळीचा 'रोल'ही आला. कामगार बंधूंनो, तुमचं नाव ज्या मस्टर-रोलवर असतं, पगार ज्या पेरोलवर निघतो आणि तुमचा माल जो क्वालिटी कंट्रोल अडवून धरतो, त्या तिन्हींत हा रोल आहे. 'कंट्रोल'चा मूळ अर्थ पडताळणीसाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी. म्हणजे महिन्याच्या सात तारखेला जे हातात पडतं तेही एका चाकावरूनच येतं.

इंग्रजीत 'व्हील'नं आणखी बऱ्याच वाटा तुडवल्या. जहाजाच्या सुकाणूला चाक लागलं, पुढे मोटारीलाही लागलं, म्हणून 'ॲट द व्हील' म्हणजे कारभार ज्याच्या हाती तो. आपण तिथे सूत्रं म्हणतो, लगाम म्हणतो, किंवा सुकाणू म्हणतो. वर्तमानपत्रात 'सुकाणू समिती' वाचता ती म्हणजे इंग्रजी स्टिअरिंग कमिटी. कुणाच्या कामात अडथळा आणणं, याला इंग्रज चाकात आरा घालणं म्हणतो. आपल्याकडे कामाला 'खीळ बसते'. बड्या असामीला ते 'बिग व्हील' म्हणतात. आपल्याकडे नवरा-बायको संसाररथाची दोन चाकं होतात, आणि लग्न ठरवताना 'मुलाकडे चारचाकी आहे ना' ही चौकशी होते. गाडीचं नाव चाकांच्या संख्येवरून ठेवायचं, हे मराठीनं फार सोपं करून टाकलं. दुचाकी, तीनचाकी, चारचाकी. मोजता येतं त्याला समजतं.

हे सारं सांगायचं कारण केवळ शब्दांची मौज नाही. आपल्या गावातल्या बैलगाडीचं चाक कसं तयार व्हायचं ते आठवा. सुतार मधला तुंबा करी, त्यात आरे ठोकी, बाहेरच्या गोलाचे लाकडी तुकडे आऱ्यांवर बसवी. मग लोहाराचं काम. लोखंडाची 'धाव' चाकापेक्षा किंचित लहान मापाची करायची. शेणी पेटवून ती लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती फुगते. सांडशीनं धरून चाकावर चढवायची. लाकूड धूर सोडतं. लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळे सांधे असे आवळले जातात, की खिळ्याची गरज राहत नाही.

आता या पट्ट्यातल्या एखाद्या इंजिनाच्या कारखान्यात जा. फ्लायव्हीलवर दात्यांची रिंग बसवायची असते. ती रिंग किंचित लहान मापाची असते. तिला तापवतात, चढवतात, थंड होऊ देतात. याला 'श्रिंक फिट' म्हणतात. आयटीआयमधल्या मुलाच्या वहीत तो शब्द इंग्रजीत असतो, व्याख्याही इंग्रजीतून घोकलेली असते. त्याला कुणी सांगत नाही, की बाळा, तुझ्या आज्यानं गावच्या लोहाराकडे हेच पाहिलंय, आणि त्याला मराठीत नाव आहे. हे सांगितलं तर व्याख्या पाठ करावी लागणार नाही, ती समजेल.

समजण्यावर कधी कधी जीव अवलंबून असतो. ग्राइंडिंग व्हील, म्हणजे घासायचं दगडी चाक, मशिनवर चढवण्याआधी 'रिंग टेस्ट' करायची असते. चाक बोटावर किंवा दांड्यावर तोलून लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर चाक अखंड. बद्द वाजलं तर आत तडा आहे. तडा गेलेलं चाक मिनिटाला हजारो फेरे घेताना फुटलं, तर त्याचे तुकडे माणसाला जिवंत ठेवत नाहीत. आता ही सूचना इंग्रजीत छापून भिंतीवर टांगता येते. पण मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या नव्या मुलाला सुपरवायझर एवढंच म्हणाला, की "बाजारात मडकं घेताना वाजवून घेतोस ना, तसं हे चाक वाजवून घे," तर तो मुलगा जन्मभर विसरणार नाही. कुंभाराच्या चाकावरच्या मडक्याची परीक्षा आणि मशिनवरच्या चाकाची परीक्षा एकच आहे. बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला हेच त्याच्या हिंदीत सांगा, त्याच्या घरीही मडकं असतंच.

म्हणून माझं म्हणणं भाषाशुद्धीचं नाही. 'व्हील'ला हाकलून द्या असं मी म्हणणार नाही, तो घरचाच आहे. पण ज्ञान इंग्रजीतून सुरू झालं आणि आपल्या शब्दांत फक्त गावंढळपणा आहे, हा समज घातक आहे. तो कामगाराला आपल्याच हाताच्या अनुभवापासून तोडतो.

आता या कुळातलं शेवटचं नातं. फिरणे अर्थाचा तो मूळ धातू लॅटिनमध्ये गेला तेव्हा त्याचा अर्थ झाला जमीन कसणं आणि वस्ती करून राहणं. त्यावरून 'ॲग्रिकल्चर'मधला 'कल्चर' आला आणि 'कॉलनी' आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पिंपरी, भोसरी, आकुर्डीच्या शेतजमिनींवर कारखाने आले आणि कारखान्यांभोवती कॉलन्या उठल्या. शेती गेली, चाक आलं, कॉलनी आली. शब्दांच्या दृष्टीनं तिघंही एकाच आईची लेकरं, पण ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी ते तितकं सोपं नव्हतं. तरी खेड, मावळ, जुन्नरमध्ये बैलगाड्याचा घाट अजून भरतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. कारखान्यात पाळी करणारा पोरगा सुटीच्या दिवशी घाटात बैलापुढे घोडी धरून पळतो. दोन्ही चाकांवर त्याचा तेवढाच जीव असतो.

आपल्या भाषांत त्याच धातूचं रूप 'चर' असं झालं. चरणे म्हणजे हिंडणे. त्यावरून 'चरण', म्हणजे पाय. चाक आणि पाय एकाच मुळातून निघाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि 'चाकं थांबली' हा वाक्प्रचार पहिल्यांदाच शब्दशः खरा झाला. या पट्ट्यातले कारखाने बंद पडले, गाड्या बंद झाल्या. तेव्हा ज्यांच्या हातांनी लाखो चाकं जोडली, ती माणसं पायी गावाकडे निघाली. १ मे २०२० पासून श्रमिकांसाठी रेल्वेगाड्या सुटू लागल्या, तोवर कितीतरी जण चालून थकले होते. ज्यांनी चाकं बनवली त्यांच्या वाट्याला चरणच उरले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दर ज्येष्ठात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी निगडीवरून आकुर्डीला मुक्कामाला येते. पालखी रथात असते, रथाला बैल असतात. कारखान्यांच्या भिंतींना लागून तो रथ हळूहळू पुढे सरकतो आणि शेजारून वारकरी चालतात. रथाची गती चालणाऱ्याच्या पायांनी ठरते. चाकानं कुणालाही मागे टाकायचं नाही, हा तिथला नियम आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरात कुणी वयस्क माणूस असेल तर त्याला आज संध्याकाळी विचारा, की चाकाच्या कुठल्या भागाला तुंबा म्हणतात, आरे किती असतात, धाव कशी चढवतात. तो सांगेल ते मुलांना ऐकवा, आणि घरात कुणी कारखान्यात जात असेल तर त्यालाही जवळ बसवा. दोघांचं बोलणं जुळायला वेळ लागणार नाही.